पेटीतला ठसका

टीव्हीवरचा तो विनोदी कार्यक्रम लेखक चालवत नाहीत, नट चालवत नाहीत, चॅनेल तर मुळीच चालवत नाही; तो आपल्या घशावर चालतो, असं ठसकेकाकांचं ठाम मत होतं. कुणी विचारलं तर ते हे मत सांगत, आणि कुणी नाही विचारलं तर आवर्जून सांगत. गंमत म्हणजे ते फारसं खोटं नव्हतं.

काकांचं काम हसण्याचं होतं. स्टुडिओतल्या प्रेक्षकांत पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची त्यांची. विनोद झाला की सगळ्यांच्या आधी त्यांनी हसायचं. माणसाची जातच अशी की हसू आलं तरी तो आधी शेजारच्याकडे बघतो. तो हसला तर आपण हसायचं, नाहीतर खोकल्यासारखं करून गिळून टाकायचं! काका हसले की रांग हसे आणि रांग हसली की स्टुडिओ हसे. हसता हसता शेवटी काकांना एक ठसका लागायचा, म्हणून हे नाव. वर्षानुवर्षांच्या सवयीने नटमंडळी पुढचं वाक्य त्या ठसक्यावरच घेत. ठसका आला की बोलायचं, नाही आला तर थांबायचं. एकदा काका पडशाने घरी राहिले, तर आजीबाईचं काम करणारा नट एक वाक्य बोलून जो थांबला तो थांबलाच. त्या दिवशीचं शूटिंग रद्द करावं लागलं.

घरी मात्र काका हसत नसत. काकूंनी काही गमतीचं सांगितलं तर ते "बरं" म्हणत आणि ताटात बघत. एकदा काकू वैतागल्या आणि म्हणाल्या, "जगासाठी घसा फाडता, घरात एकदा खुदकनसुद्धा हसत नाही!"

"कंडक्टर घरी आल्यावर तिकिटं फाडतो का?" काका म्हणाले. "घरी मी सुट्टीवर असतो."

काकूंनी त्यानंतर गमतीचं सांगणं सोडलं. मग हळूहळू हसणंही सुटलं. काकांच्या ते लक्षात आलं नाही, कारण ते सुट्टीवर होते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चॅनेलमध्ये नवे साहेब आले आणि कार्यक्रमाचा परदेश दौरा ठरला. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या मंडळाने मोठं सभागृह घेतलं होतं. काकांनी बॅग माळ्यावरून काढून झटकली. तेवढ्यात साहेबांनी त्यांना आवाजाच्या खोलीत बोलावलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की तुमचं हसणं म्हणजे आमचा ठेवा आहे, तेव्हा प्रत्येक प्रकारचं एकेकदा हसून दाखवा. कौतुक म्हटल्यावर काका पाघळले. त्यांनी खुदकन हसून दाखवलं, मग खळखळून, मग मांडीवर थाप मारून, आणि शेवटी पोट धरून असे हसले की काचेपलीकडचा माणूस कानावरचं यंत्र काढून बसला. ठसका तर चार निरनिराळ्या चालींचा दिला. "अजून एक देऊ का?" असंही वर विचारलं.

"पुरे, पुरे," साहेब म्हणाले. "काम झालं. आता तुम्ही आराम करा. दौऱ्याला यायची गरज नाही."

साहेबांनी टेबलावरची एक काळी पेटी दाखवली. तिला रंगीत बटणं होती. पिवळं दाबलं की काका खुदकन हसत, हिरवं दाबलं की खळखळून, लाल दाबलं की पोट धरून. ठसक्यासकट! पेटीला व्हिसा लागत नाही, पडसं होत नाही आणि ती खिडकीजवळची जागा मागत नाही, असंही साहेबांनी समजावून सांगितलं. ही पेटी परदेशात चालली, की पुढे स्टुडिओतही तीच वापरायची असा बेत होता. म्हणजे काकांची खुर्ची गेल्यात जमा होती.

काका घरी आले ते फणफणतच. माझाच घसा वापरून मलाच घरी बसवता? हे म्हणजे कोंबडीचं अंडं घ्यायचं आणि कोंबडीलाच ऑम्लेट दाखवून हिणवायचं! दुसरा कुणी असता तर रडला असता. काकांनी मेहुण्याला फोन लावला. काकूंचा धाकटा भाऊ तिकडेच राहत होता आणि कितीतरी वर्षं "ताई, या एकदा" म्हणून मागे लागला होता. काकांनी आजवर दाद दिली नव्हती. आता म्हणाले, "येतो. त्या कार्यक्रमाची तिकिटं काढून ठेव."

"हसायला चाललात का?" काकूंनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "न हसायला चाललोय. पहिल्यापासून शेवटपर्यंत ओठ हलवणार नाही. बघू या माझ्याशिवाय कसं चालतं ते!"

सात समुद्र ओलांडून न हसायला जाणारा हा पहिलाच माणूस असावा. काकूंना भावाला भेटायचं होतं, त्यामुळे त्यांनी लगेच बॅग भरायला घेतली.

सभागृह मोठं झोकदार होतं. जमिनीवर जाड गालिचा, आपोआप मिटणाऱ्या मऊ खुर्च्या, आणि स्टेजच्या शेजारून बाहेरच्या दालनात जाणाऱ्या दारांना गोल काचा. तिकिटं उशिरा काढल्यामुळे मेहुण्याला दुसऱ्या रांगेच्या अगदी टोकाच्या जागा मिळाल्या होत्या. काका भिंतीकडेला, मग काकू, मग मेहुणा. काकांच्या डोक्यावर भिंतीला कपाटाएवढा स्पीकर टांगलेला होता. त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि तिथेच सगळं फिसकटलं.

पडदा उघडला. पहिल्याच विनोदाला काकांच्या डोक्यावरून काकांचंच हसू खाली कोसळलं. पुढची अख्खी रांग वळली. काका ओठ घट्ट मिटून बसले होते, पण कपाळावर "मी नव्हे" असं थोडंच लिहिलेलं असतं! टीव्हीमुळे तो ठसका तर घरोघरी ओळखीचा. "अरे, ते स्वतः आलेत," अशी कुजबुज झाली. दोघांनी हात हलवले. पुढच्या विनोदाला पुन्हा तेच. आता मागच्या रांगेतले लोक स्टेज सोडून काकांकडेच बघू लागले.

"तुम्ही तर हसणार नव्हतात," काकू हळूच म्हणाल्या.

"मी हसलो नाही."

"आवाज तुमचाच होता."

"आवाज माझा होता, पण मी नव्हतो," काका म्हणाले, आणि आपण काय बोललो हे त्यांचं त्यांनाच नीट कळलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. दोन प्रहसनांच्या मध्ये मंडळाचे अध्यक्ष माइकपाशी आले. मंडळाचे संस्थापक त्याच वर्षी वारले होते. अध्यक्षांनी त्यांची आठवण सांगितली, आणि सगळ्यांना श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगितलं. सभागृह उभं राहिलं. सगळ्यांत मागे, आवाजाच्या टेबलापाशी, पेटी सांभाळायला कुणावर विश्वास नसलेले नवे साहेबही उभे राहिले. मान खाली घातली, हात जोडले, आणि जोडलेले हात आदराने समोरच्या पेटीवर टेकवले. बरोबर लाल बटणावर!

त्या शांततेत काकांनी पोट धरून जे हसणं सोडलं, त्याला तोड नव्हती. ते उसळलं, घोळलं, दम खाऊन परत उसळलं. साहेबांची गाळण उडाली. ते बंद करायचं बटण शोधू लागले आणि पिवळं दाबून बसले, त्यामुळे पोट धरून झाल्यावर काका खुदकनही हसले. शेवटी ठसका आला. एवढ्या सवयीचे ते नट! ठसका ऐकताच विंगेत मान खाली घालून उभी असलेली आजीबाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, मेला कुठला!"

ते पुढच्या प्रहसनातलं पहिलं वाक्य होतं, पण हे बाहेरच्यांना कसं कळणार?

संस्थापकांच्या पत्नी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी मागे वळून काकांकडे असं पाहिलं की काकांना न केलेल्या गुन्ह्याची लाज वाटली. खरोखर वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ संतापही आला, आणि ते जागेवरूनच म्हणाले, "मी हसलो नाही! माझा ओठसुद्धा हललेला नाही!" झालं. श्रद्धांजलीच्या शांततेत हसलेला माणूस आता श्रद्धांजलीच्या शांततेत भांडूही लागला.

मेहुण्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "दाजी," तो दात आवळून म्हणाला, "तुम्ही चार दिवसांनी परत जाल. मला याच लोकांत राहायचंय."

छातीवर मंडळाचा बिल्ला लावलेल्या एक बाई आल्या आणि त्यांनी काकांना बाहेर यायला सांगितलं. काकूही उठू लागल्या, तर काका म्हणाले, "तू बस. मी निर्दोष आहे. निर्दोष माणूस एकटा जातो." आणि ते ताठ मानेने निघाले. आपोआप मिटणारी खुर्ची त्यांच्या मागे खाडकन मिटली, तेव्हा ते दचकले ते सोडा.

बाहेरच्या दालनात एक लांब बाक होता. काका बसले, बिल्लेवाल्या बाई दारापाशी पहारा देत उभ्या राहिल्या. आत पुढचं प्रहसन सुरू झालं. थोड्याच वेळात दारामागून हसू ऐकू आलं. खळखळून, शेवटी ठसका.

काका उठून बाईंसमोर जाऊन उभे राहिले. "बाई, मी कुठे आहे?"

"इथे."

"माझं तोंड बंद आहे?"

"आत्ता तरी नाही."

काकांनी तोंड मिटलं आणि हाताने दाराकडे खूण केली. आतून परत ते हसले. बाईंनी दाराकडे बघितलं, काकांकडे बघितलं, परत दाराकडे बघितलं. त्या हिशोबी स्वभावाच्या होत्या. एक माणूस एकाच वेळी आत हसू आणि बाहेर रुसू शकत नाही, हे त्यांना पटलं. काकांनी मग त्यांना पेटीची सगळी कथा सांगितली. बाईंचा चेहरा असा बदलला की काकांनाच साहेबांची दया आली. "आमच्या संस्थापकांवर हसणारं यंत्र?" एवढंच म्हणून त्या आत गेल्या, आवाजाच्या टेबलापाशी पोचल्या, आणि त्यांनी पेटीची वायर भिंतीतून उपटून काढली. वर पेटी उचलून काखेत मारली.

काका विजयाने बाकावर मांडी घालून बसले. पण एक गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली नव्हती.

आत दंतवैद्याचं प्रहसन चाललं होतं. आजीबाई कवळी बसवायला आलेली. ती म्हणते, "डॉक्टर, दात सगळे काढा, पण जिभेला धक्का लावू नका. ती सासूबाईंची आठवण आहे." एवढं बोलून ती आ वासते, डॉक्टर तिच्या तोंडात दोन बोटं घालतो, मग हसू, मग ठसका, मग डॉक्टरचं पुढचं वाक्य. वाक्य झालं. आ वासला. बोटं गेली. आणि हसू आलंच नाही.

लोकांना विनोद आवडला नव्हता असं नाही. पण श्रद्धांजलीनंतर हसावं की नाही, हे कुणाला ठरवता येईना. जो तो शेजारच्याकडे बघत होता. डॉक्टर ठसक्याची वाट बघत बोटं तोंडात ठेवून उभा. आजीबाई आ वासून उभी. तिला बोलायचं असतं तरी बोलता येत नव्हतं. शांतता एवढी वाढली की काकांना ती बाहेर ऐकू आली. त्यांनी जाऊन दाराच्या गोल काचेला नाक लावलं. आजीबाईच्या डोक्यावरचा टोप हळूहळू एका बाजूला सरकत होता.

तेवढ्यात दुसऱ्या दारातून साहेब धावत बाहेर आले. घामाघूम. "काका, चला. हसा."

"पेटीला सांगा."

"पेटी बंद पडली."

"मग डॉक्टरला दाखवा. डॉक्टर स्टेजवरच आहे, मोकळाच उभा आहे."

साहेब हात जोडून म्हणाले, की हा प्रयोग पडला तर माझी नोकरी जाईल. काका म्हणाले, माझी आधीच गेली, बसा शेजारी. साहेबांनी खुर्ची परत द्यायचं कबूल केलं. काकांनी खिडकीजवळची जागाही मागितली. तीही मिळाली. वास्तविक इथे माणसाने थांबावं. पण इतक्या वर्षांत कुणी काकांपुढे हात जोडले नव्हते आणि त्यांना त्याची चव लागली. त्यांनी सांगितलं, की आधी अध्यक्षांनी माइकवरून जाहीर करावं की हा गृहस्थ हसला नव्हता; त्याशिवाय माझ्या घशातून एक खुदकनसुद्धा निघणार नाही. आणि परत काचेला नाक लावून ते आतली फजिती बघू लागले. साहेब अध्यक्षांना शोधायला वळले. काकांनी घसा खाकरला.

आणि आत कुणीतरी हसलं.

आधी आवाज नव्हताच, नुसती हवा. मग एक बारीक, लांबलचक शिटी, कुकरची असते तशी. मग सगळं झाकणच उडालं! ते हसणं इतकं अनावर होतं की मागची रांग फुटली, तिच्यामागची फुटली, आणि बघता बघता सभागृह गदगदलं. शिटी परत झाली. शिटी संपता संपता डॉक्टरने बोटं काढली आणि पुढचं वाक्य असं अचूक टाकलं की टाळ्याच पडल्या.

काकांच्या अंगाची लाही लाही झाली. "म्हणजे तुम्ही दुसरी बाई आणून ठेवली होतीत!" ते साहेबांवर उसळले. "हात जोडायचं नाटक कशाला केलंत? आणि हसते तरी कशी, ना ताल ना सूर! कोण आहे ही?"

साहेबांनाही ठाऊक नव्हतं. दोघांनी काचेला नाकं लावली.

दुसऱ्या रांगेच्या टोकाला काकू भावाच्या खांद्यावर कोसळल्या होत्या. रुमालाने डोळे पुसत होत्या, स्टेजकडे बघत होत्या, दाराकडे बघत होत्या, परत कोसळत होत्या. मेहुणा आधी त्यांना आवरत होता, मग तोही हसू लागला.

काकांनी काचेवरून नाक काढलं. आपल्या बायकोचं हसणं आपल्याला ओळखू आलं नाही, हे त्यांना फार लागलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती अशी शिटी वाजवून हसायची. एकदा काका उलटा शर्ट घालून कामाला गेले होते तेव्हा तर जिन्यातच बसली होती. ते सगळं आठवलं. आनंद झाला, आणि पोटात दुखलंही. त्यांनी दार ढकललं.

"चालू प्रयोगात सोडत नाही," बिल्लेवाल्या बाई म्हणाल्या. त्यांच्या काखेत अजून पेटी होती.

"अहो, ती माझी बायको आहे."

"असेल. मध्यंतरात भेटा."

उरलेलं प्रहसन काकांनी काचेतून बघितलं, आवाज ऐकत. प्रत्येक वाक्य शिटीवर पडत होतं.

मध्यंतरात अध्यक्षांनी काकांची माफी मागितली, पण ऐकायला आजूबाजूला कुणी नव्हतं. सगळे काकूंभोवती जमले होते. संस्थापकांच्या पत्नी त्यांचा हात हातात घेऊन सांगत होत्या, की आमचे हे असते तर पहिले हसले असते. आजीबाई टोपासकट वाकून त्यांच्या पाया पडली. काकांनी गर्दीत शिरून विचारलं, "एवढं काय हसण्यासारखं होतं त्यात?"

"त्यात काही नव्हतं हो," काकू म्हणाल्या, आणि त्यांचे खांदे पुन्हा हलू लागले. "तिकडे त्याची बोटं तिच्या तोंडात, सगळे तुमच्यासाठी खोळंबलेले, आणि काचेला चपटं नाक लावून तुम्ही भाव खात होतात. तुम्हाला बघून हसू आलं."

परत आल्यावर साहेबांनी पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची काकूंना दिली. काकूंनी एकच अट घातली, की हसू आलं तरच हसेन. तेव्हापासून लेखक रात्रंदिवस घाम गाळताहेत असं ऐकतो. काकांनाही साहेबांनी शेजारची खुर्ची देऊ केली होती. काकू हसल्या की मागून हसायचं. काकांनी स्वच्छ नकार दिला. "मी आयुष्यभर पहिला हसलोय. दुसऱ्या नंबरवर हसणार नाही, भले उपाशी राहीन," असं सांगून त्यांनी आपला आवाज तेवढा परत मागितला. पेटी आता त्यांच्या पलंगाखाली आहे. बटणांना चिकटपट्टी लावलेली आहे.

परवा काकू शूटिंगहून आल्या. काकांनी स्वयंपाक करून ठेवला होता. ताटं वाढली, आणि दुपारभर घोटून ठेवलेला विनोद त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितला. सांगून ते थांबले. अगदी आजीबाईसारखे थांबले.

काकूंनी घास चावला, गिळला. मग त्या पाणी प्यायल्या.

"चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण घरी मी सुट्टीवर असते."

काकांना हे झोंबलं. पण हार मानेल तो ठसका कसला! कुणी हसत नसेल तर नसू दे, म्हणून आपल्याच विनोदाला ते स्वतःच हसले. खळखळून, मांडीवर थाप मारून, पोट धरून, आणि शेवटी घरात आयुष्यात पहिल्यांदा तो ठसका! भिंतीवर दणादण बुक्के बसले आणि पलीकडून शेजारी ओरडला, "अहो, टीव्ही बारीक करा!"

काकू उठल्या. खिडकीपाशी गेल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं, "टीव्ही नाही हो, आमचे हे आहेत. यांना बटण नाही."